जामखेडची पाठशाळा

नगराहून जामखेड सुमारे 75 किलोमीटर. मार्ग मोठा चमत्कारिक आहे. नगर जिल्हा सोडून तो बीड जिल्ह्यातील कडा व आष्टी या गावांवरून जातो आणि मग पुनः नगर जिल्ह्यात शिरतो. दोहो बाजूंस ज्वारीची शेते, माळराने आणि उघड्याबोडक्या टेकड्या. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीस बाहेर पडतात. याच तालुक्यात 1795 साली खर्ड्याची लढाई झाली, आणि याच तालुक्यातील चोंडी गावी 1725 साली अहिल्याबाई होळकर जन्मल्या. त्यांच्या नावाने जिल्ह्यास 2024 पासून अहिल्यानगर म्हणतात. आमच्या जिभेवर मात्र अद्याप जुने नगरच आहे.

तथापि आम्ही जामखेडास गेलो ते इतिहासाकरिता नव्हे. मेलबर्नसारख्या दूरच्या विद्यापीठाचे विद्यार्थी सातासमुद्रांपलीकडून या आडगावी शिकावयास येत आले आहेत, त्याचे आम्हास कुतूहल होते.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली येथे ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या. परंतु परक्या गावी त्यांचा जम बसेना. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी, अशी योजना झाली. या बायांपैकी पुष्कळशा निरक्षर होत्या, कित्येक दलित कुटुंबांतील होत्या. निरनिराळ्या जातींच्या या स्त्रिया जामखेडास एका छपराखाली राहून, एका पंक्तीस बसून शिकू लागल्या. 1971 साली या भागात हजारी 176 अर्भके दगावत. शतकाच्या अखेरीस तो आकडा तिसांच्या आत आला. 1979 साली या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

आरोग्याचे काम करिता करिता जातीचा प्रश्न आडवा आलाच. पिण्याच्या पाण्यासाठी हापसे बसवावयाचे होते. त्यांच्या जागा मुद्दाम दलित वस्तीत निवडल्या गेल्या. पाणी हवे तर सवर्णांनीच तेथे जावे! ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून दूर उभे केले, त्यांच्या अंगणी सारा गाव घागर घेऊन येऊ लागला. मानवी हक्क म्हणजे काय, हे पुस्तकात शोधणाऱ्यास याहून सोपा पाठ कोठे मिळणार? 1948 च्या जागतिक जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थाचे शब्द जाऊन ‘सर्व मानव’ असे आले, ते आपल्या हंसाबेन मेहतांच्या आग्रहामुळे. जामखेडच्या बायांनी तोच आग्रह आपल्या वेशीत धरिला.

परदेशी विद्यार्थ्यास येथे पहिली शिकवण मिळते ती ही की, शिकवणारी व्यक्ती पदवीधर असतेच असे नाही. गावातील प्रौढ स्त्री बोलते, दुभाषी सांगतो आणि विद्यापीठाचा विद्यार्थी ऐकतो. दूरदेशी लोकजीवन अभ्यासावयास जाणाऱ्या कोणाही तरुणाची खरी पूर्वतयारी हीच, असे आम्हास वाटते. चार शब्द तेथल्या भाषेचे शिकावे, विचारल्यावाचून छायाचित्र घेऊ नये, न पाळता येणारे वचन देऊ नये, आणि जे लिहून न्यावे ते त्या माणसांस वाचूनही दाखवावे. ज्याचे दुःख आपण टिपून घेतो, तो आपला गुरू आहे, नमुना नव्हे.

आता वाचकांस एक विनंती. आपल्या घरचीही मुले-मुली आज परदेशी विद्यापीठांत जातात. तेथे हक्क व विविधता या विषयांवर निबंध लिहितात, आणि जातिभेदाविषयी कोणी विचारले म्हणजे ऐकीव उत्तरे देतात. आपल्या पूर्वजांचा वाडा ज्या गावी होता, त्या गावच्या वेशीबाहेरील वस्ती त्यांनी कधी पाहिली आहे काय? तेथील कोणा आजीबाईच्या हातचा चहा घेतला आहे काय? आपल्याच घरातील सोवळ्याओवळ्याने कोणास दाराबाहेर उभे केले, हे वडीलधाऱ्यांनी त्यांस मोकळेपणाने सांगितले आहे काय? हे सांगणे जड जाईल, पण न सांगितल्यास मुलगा परक्यांच्या घरातील अन्याय मोजील आणि स्वतःच्या घरातील त्यास दिसणार नाही.

म्हणून पारपत्र व तिकीट यांची सिद्धता होत असता मुलांस चार दिवस अशा गावी धाडावे. सामान बांधावयाचे ते मागाहून बांधिता येईल.