वाऱ्यावर चालणारे घर

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्या घराघरांत क्रिकेटच आठवते. १९७१ साली सुनील गावस्करने तिथे पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या आणि बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका ही नावे चाळीचाळीत पोचली. पण या बेटांच्या मधला समुद्र आपल्या ओळखीचा नाही. त्या समुद्रात शिडाच्या नौकेवर महिनोन्‌महिने राहणारी माणसे आहेत. त्यांचा संसार कसा चालतो, आणि ज्या बेटांपाशी ती नांगर टाकतात तिथल्या माणसांचे या समुद्राशी नाते काय, ते आज पाहू.

या नौकेला यॉट म्हणतात. साधारण ४० फूट लांब. त्यातच झोपायच्या दोन-तीन लहान खोल्या, ओटा, जेवायचे टेबल आणि हातपंपाचा संडास. राहणारे बहुधा युरोप-अमेरिकेतले. कोणी निवृत्त झालेले जोडपे, कोणी आठवडाभर नौका भाड्याने घेतलेले. पैसा गाठीशी असल्याशिवाय हा शौक परवडत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

पण समुद्रावर पैसेवाल्यालाही पाणी मोजून वापरावे लागते. टाकी काहीशे लिटरची. म्हणून भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि गोड्या पाण्यात नुसती बुडवून काढायची. आंघोळ तांब्या-दोन तांब्यांत. वीज सौर पट्ट्यांतून मिळेल तेवढीच. गॅसची शेगडी अशी टांगलेली असते की नौका कलली तरी ती सरळ राहते, नाहीतर डाळ-आमटी जमिनीवर! नळाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या माता-भगिनींना यात नवे काही वाटणार नाही. फरक एवढाच, की ही काटकसर त्यांनी हौसेने पत्करलेली असते.

सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, बेक्विया, युनियन, कॅरियाकू, ग्रेनाडा अशी ही बेटे उत्तर-दक्षिण ओळीने आहेत. डिसेंबरपासून मेपर्यंत पूर्वेकडून व्यापारी वारे एकसारखे वाहतात. त्यामुळे शीड एकदा लावले की नौका एका बेटावरून दुसऱ्या बेटाकडे सुखाने निघते. मात्र दोन बेटांच्या मधल्या खिंडीत अटलांटिकच्या लाटा थेट आत शिरतात. तिथे भल्याभल्यांना उलट्या होतात. बेटाच्या पश्चिमेला आडोशात आले की पाणी शांत. नांगर तिथेच टाकतात. दुसऱ्या देशाच्या हद्दीत शिरताच पिवळे निशाण लावायचे आणि कागदपत्रांची तपासणी झाली की ते उतरवून त्या देशाचा ध्वज चढवायचा, असा रिवाज आहे.

नांगर पडतो न पडतो तोच लहान होड्यांतून स्थानिक तरुण जवळ येतात. केळी, आंबे, मासळी, ताजा पाव विकतात, दोर बांधून देतात. पाहुण्यांची सुटी म्हणजे यांचा रोजगार. ग्रेनाडात ‘रोटी’ हाच शब्द कानी पडतो. पोळीत भाजीचा किंवा कोंबडीचा रस्सा गुंडाळून देतात. १ मे १८५७ रोजी भारतातून करारावर नेलेल्या मजुरांचे पहिले जहाज तिथे लागले, त्या कष्टकऱ्यांची ही आठवण.

मजूर न्यावे लागले, कारण त्याआधी गुलामगिरी संपली होती. कॅरियाकू बेटावर कापूस आणि उसाचे मळे होते आणि त्यांत आफ्रिकेतून साखळदंडांनी आणलेली माणसे राबत होती. १८३४ साली कायदा लागू झाला, पण पूर्ण सुटका व्हायला १८३८ चा १ ऑगस्ट उजाडला. ब्रिटिश सरकारने भरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर केले. ते मालकांना मिळाले. राबलेल्यांना दमडीही नाही.

मग मळ्याबाहेर, स्वतःच्या हिमतीवर पोट भरायचे कसे? कॅरियाकूच्या माणसांनी एक उत्तर समुद्रात शोधले. विंडवर्ड गावात स्कॉटलंडहून आलेल्या सुतारांची विद्या रुजली होती. तिथे आजही लाकडी नौका समुद्रकाठी, उघड्यावर बांधल्या जातात. कागदावर आराखडा नसतो, कारागिराची नजर हेच माप. नौका तयार झाली की सारा गाव जमतो, मोठ्या हंड्यांत अन्न शिजते आणि म्हातारीकोतारीसुद्धा दोराला हात लावून तिला ओंडक्यांवरून समुद्रात ओढतात. याच नौकांनी मासे धरले, बेटाबेटांत माल नेला, घरे उभी केली. १९६५ पासून दर ऑगस्टच्या आरंभी, मुक्तिदिनाच्या सुटीला, त्यांच्या शर्यती होतात. २०२३ साली युनेस्कोने या कारागिरीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.

आणि पुढच्याच वर्षी, १ जुलै २०२४ रोजी, बेरिल चक्रीवादळ थेट कॅरियाकूवर आदळले. जूनपासून वादळांचा हंगाम, म्हणून कित्येक यॉट आधीच दूर गेल्या होत्या. टिरेल बेच्या खारफुटीत आसऱ्याला राहिलेल्या नौकाही एकमेकींवर चढून फुटल्या. बेटावरच्या बहुतेक घरांची छपरे उडाली. या बेटावर नदी नाही. छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून लोक पितात. छप्पर गेले म्हणजे पाणीही गेले.

यॉटवरचा माणूस पाणी मोजून वापरतो तो काही महिन्यांपुरता. वादळ येणार असे कळले की तो शीड उभारून निघून जाऊ शकतो. विंडवर्डच्या सुताराला तसे निघता येत नाही. पण ज्यांच्या पूर्वजांना जहाजाच्या तळाशी कोंडून आणले, त्यांनीच स्वतःच्या हातांनी नौका बांधल्या आणि त्यांचे धनी झाले. घर वादळाने नेले तरी हातातली विद्या वादळ नेऊ शकत नाही. ती मुलांना दिली पाहिजे, एवढे मात्र खरे.