हात न लावता

इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्यावर आमची दीड एकर पेरूची बाग आहे. सरदार वाण, वडिलांनी लावलेली, आता जुनी होऊन दाटलेली. फांद्यांच्या बेचक्यात तपकिरी पट्टे दिसायला लागले तेव्हा मी बांधावरूनच सांगून टाकलं, "वाळवी." वडील म्हणाले, "हात लावून बघ की जरा." मी लावला नाही. बारामतीहून वाळवीचं औषध आणून बुंध्यांना आळवणी केली. पट्टे वाढतच गेले. मग दुकानदाराच्या सांगण्यावरून पानांवर फवारणी केली, तीही दोनदा आणि भर दुपारी.

आमच्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची. एकदा मोटर सुरू करायला गेलो तेव्हा बॅटरीचा उजेड खोडावर पडला आणि पट्ट्याच्या कडेला काहीतरी चटकन मागं सरकलं. पट्टा ओढला. वाळवीची माती नव्हतीच ती. सालीचा भुसा आणि लेंड्या, रेशमी धाग्यात गुंफलेल्या. त्या बोळकांडीच्या टोकाला छिद्र, छिद्रात अळी. दिवसा ती लाकडात दडून बसते, रात्री जाळीच्या आडोशानं बाहेर येऊन साल खाते. आणि मी दुपारी पानांवर विष मारत होतो!

ही साल खाणारी अळी, शास्त्रात इंडरबेला. हिचे पतंग उन्हाळ्याच्या अखेरीस निघतात, सालीच्या भेगांत अंडी घालतात आणि दोन-चार दिवसांत मरतात. ८-१० दिवसांत अंडी फुटतात. पुढचे ९-१० महिने अळीचेच. एप्रिलच्या सुमारास ती बोगद्यातच कोष करते. वर्षाला पिढी एकच.

एवढं कळूनही मी सायकलच्या चाकाची तार घेऊन बागेत शिरलो ते जूनमध्ये, हातातलं ऊस-लागणीचं काम उरकल्यावर. कितीतरी छिद्रांच्या तोंडाशी रिकामी कोषांची टरफलं अडकली होती. पाखरं उडून गेली होती, आणि मी त्या ओस घरांत पेट्रोलचे बोळे कोंबून चिखलानं लिंपत बसलो. हे माझं मलाच सांगायला लाज वाटते.

आता पावसाळा सरला की ऑक्टोबरात जाळी खरवडतो, तार आत घालतो, बोळा लावून छिद्र बंद करतो. दाटी मोडायला छाटणीही केली. सात झाडांच्या मोठ्या फांद्या मात्र वाळल्याच. त्या सरपणाला चिरल्या, तेव्हा एकही बोगदा वीतभराहून लांब निघाला नाही.