हवा कुठून शिरते?

६ डिसेंबर २०२५, शनिवार. नांदेड
वजिराबादच्या चौकात गाडी थांबवली की अंगात आल्यासारखी हलायला लागते. मारुती ८००, १९९७ची. पासिंग लातूरचं, म्हणून पाटी एमएच-२४. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, तेव्हा थोडी थरथर जन्मापासूनचीच. चार सिलिंडरच्या गाडीसारखी ती गप्प बसणार नाही. पण ही थरथर वेगळी. मध्येच एक ठोका चुकतो, गाडी मिसिंग मारते. आणि गिअर टाकून पळायला लागली की काही तक्रार नाही.

ही पळताना तक्रार नसणं हीच खरी खूण. इंजिन रिकामं फिरतं तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि मॅनिफोल्डातली ओढ जबर. कुठे बारीक फट असेल तर तिथून चोरून शिरलेली हवा मिश्रणाचा तोल बिघडवते. रस्त्यावर झडप उघडी, हवेचा लोंढा आत येतो. त्यात ती फट कोणाच्या खिजगणतीत नसते.

नाक्यावरच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडताच स्क्रूड्रायव्हर काढला आणि आयडलिंग वाढवून दिलं. पैसेही घेतले नाहीत. थरथर दबली, पण सिग्नलला इंजिन उगाच ओरडतं. कार्बोरेटरवरचा स्क्रू सगळ्यांच्या हाताशी असतो, म्हणून सगळे आधी तोच फिरवतात. मला हे पटत नाही.

७ डिसेंबर, रविवार
सकाळी थंडीत प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने ठेवले. दोघांची टोकं चहाच्या रंगाची, म्हणजे ठीक. तिसऱ्याचं चिनीमातीचं टोक मात्र पांढरंफटक, कडेला बारीक फोड आल्यासारखे ठिपके. मिश्रणात हवा जास्त झाली आणि ते तापून जळलं की असं होतं. पेट्रोल जास्त झालं असतं तर काजळी धरली असती.

दोष कार्बोरेटरचा असता तर तिन्ही प्लग एकाच रंगाचे निघायला हवे होते; तिघांना घास भरवणारा हात एकच. प्लग आणि वायर शेजारच्या सिलिंडरला बदलून पाहिली, मिसिंग जागच्या जागी. कॉम्प्रेशनही मोजून घेतलं, तिन्हीकडे सारखंच. मग वाल्व्ह-टॅपेटची शंकाही मिटली. उरली ती हवा.

९ डिसेंबर, मंगळवार. लातूर
बहिणीकडे जायचंच होतं. लोहा, अहमदपूर, चाकूर. गाडी मस्त आली. गळीत हंगाम जोरात, उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगताना मात्र पुन्हा तेच हिसके.

औसा रोडला उस्तादांकडे गेलो. वय झालंय, पण कान तल्लख. अर्धा मिनिट ऐकून म्हणाले, ‘सर, स्क्रूला हात लावू नका. चोक वढा जरासा.’ डॅशबोर्डखालची मूठ बोटभर ओढली, तर थरथर निवली. ‘बगा. पेट्रोल वाढवलं तर सुधारली. म्हंजे उपाशी हाय. आदीच जास्त झालं असतं तर चोक वढल्यावर घुसमटून बंद पडली असती.’

मग लांब नळीचा कार्बोरेटर क्लीनर घेतला. आधी वायरींतून ठिणगी कुठे उडत नाही ना ते पाहिलं, नाहीतर भडकाच. पायथ्याच्या पॅकिंगवर थोडा फवारा, आवाज तोच. रबरी नळ्यांच्या तोंडांशी, तरीही तोच. मॅनिफोल्ड हेडला जिथे बसतो तिथे तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला फवारलं आणि इंजिनचा सूर एकदम बदलला. फटीतून क्लीनर आत ओढला गेला, जळला, उपाशी सिलिंडरला घास मिळाला. उस्ताद काही बोलले नाहीत, नुसतं बोट ठेवलं.

१० डिसेंबर, बुधवार
पॅकिंग काढलं तर कडक पापडी. टोकाचा नटही सैल झालेला. नवं पॅकिंग बसवलं, नट मधून कडेला थोडे थोडे आवळले. एकदम एकच आवळला की पुन्हा वाकडं बसतं. मग कुठे स्क्रूची पाळी आली. इंजिन गरम, हेडलाइट बंद, चोक आत. मिश्रणाचा स्क्रू आत घेतला की इंजिन लंगडतं, बाहेर काढला की सावरतं, फार काढलं की जड होतं. मधली जागा कानाने धरायची.

१४ डिसेंबर, रविवार. नांदेड
१९८३ साली याच तारखेला मारुती ८००ची पहिली किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडली होती. कार्बोरेटरच्या त्या पिढीला आजचं पेट्रोल कसं कळणार! शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं; त्याला साडेतेराच्या आसपास पुरते. जेट म्हणजे पितळेतलं भोक, ते मोजून तितकंच सोडणार. म्हणजे पॅकिंग धड असलं तरी गाडी किंचित उपाशीच. एमपीएफआय गाडीत सायलेन्सरच्या वाटेतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. आमच्याकडे तो सेन्सर म्हणजे उस्ताद.

इथेनॉल उसापासूनही बनतं; रस्त्यातली ऊसभरली ट्रॉली नि माझी टाकी यांचं असं नातं आहे. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण जुन्या गाडीवाल्याला दोन शब्द सांगायला काय हरकत होती?

आज तिन्ही प्लग पुन्हा काढले. रंग एकसारखा, जरासा फिकट. उस्ताद म्हणतात मेन जेट एक नंबर मोठा टाकू. आयडलिंगचा स्क्रू रस्त्यावरच्या मिश्रणाला पुरत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण चढावर ओढ कमी पडलेली नाही, इंजिन तापत नाही. उन्हाळ्यापर्यंत आहे तेच जेट ठेवायचं. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या मात्र उद्याच बदलतो. इथेनॉलने त्या फुगतात आणि सुटलेला कचरा थेट जेटमध्ये जातो.