काकूंची चाल

सर्वोच्च न्यायालयानं 1967 च्या एका निकालात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला आणि त्याच वेळी तीन पत्तीला निव्वळ नशिबाच्या खेळांत बसवलं. पानं वाटून होईपर्यंत मला ते पटतं. पहिली चाल पडली की पटेनासं होतं.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीन पत्ती रंगते. मराठवाड्यातले पाहुणे तिला तिरट म्हणतात. पैसे नाहीत, काडेपेटीतल्या काड्या. (एरवी रिक्षाच्या सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणारी माणसं काड्या मात्र मुठीनं उधळतात.) मी संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे पानं हातात आली की डोक्यात आकडे फिरायला लागतात.

आकडे तसे सोपे. 52 पानांतून तीन पानांचे 22,100 हात होतात. ट्रेल तर तोंडी निघते. पहिलं पान कुठलंही चालेल. दुसरं तसंच हवं, उरलेल्या 51 मध्ये तशी 3. तिसऱ्यासाठी 50 मध्ये 2. गुणाकार केला की 425 डावांत एकदा, म्हणजे एकूण 52 हात. प्युअर सीक्वेन्सचे, म्हणजे एकाच चिन्हाच्या ओळीनं तीन पानांचे, हात मात्र 48च. ट्रेलपेक्षा दुर्मीळ, तरी मान ट्रेललाच. हा मुद्दा ऐन डावात काढू नये, कुणी ऐकून घेत नाही. पुढे सीक्वेन्स 720, कलर 1,096, जोडी 3,744. उरलेले 16,440 हात, म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश, नुसत्या मोठ्या पानाचे. सगळे हात चढत्या क्रमानं लावले तर बरोबर मध्यावर राजा, दश्शी आणि दुर्री येते. ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता, खेळणाऱ्या एकट्या गड्यासमोर याहून बरं काही आलं, तर आपलं पारडं जड.

आता समजा, मला दश्शीची जोडी लागली. 22,100 पैकी 18,744 हात तिच्याखाली आहेत, म्हणजे एकट्या गड्याला मी 100 त 85 वेळा मारतो. समोर पाच जण असले तर तीच जोडी सगळ्यांवर भारी ठरण्याची शक्यता 44 टक्क्यांवर येते. जोडी बघून लगेच चेहरा फुलणाऱ्यांना एवढं कळलं तरी पुष्कळ काड्या वाचतील.

पण खरी मेख काकूंच्यात आहे. काकू पानं बघतात आणि निदान जोडी नसली की मुकाट्यानं पॅक करतात, म्हणजे डाव सोडतात. त्यांनी बघून चाल खेळली की त्यांच्या हातातले 16,440 पर्याय मी मनातून बाद करतो. राहिले 5,660. त्यांतले माझ्या दश्शीखालचे फक्त 2,304. मघाचे 85 टक्के एका चालीत 41 वर येतात. माझी पानं तीच, पण हिशेब पार बदललेला. पुतण्या मात्र हातात काहीही असलं तरी चाल खेळतो; त्याच्यासमोर ते 85 जसेच्या तसे.

41 टक्के म्हणजे पॅक करायचं, असंही नाही. दोघंच उरलोत, ढिगात 120 काड्या आहेत आणि शोला, म्हणजे पानं उघडून बघायला, 20 लागतात, तर सातांत एकदा जिंकलो तरी माझं भागतं. हरण्याचीच शक्यता जास्त दिसत असूनही शो मागणं बरोबर. ढिगात जेमतेम 20 असतील तर त्याच जोडीनं मी पानं खाली ठेवतो.

यंदा काकूंनी नुसत्या राणीच्या हातावर एकामागून एक चाली खेळल्या, सगळ्यांना पॅक करायला लावलं आणि ढीग ओढून घेतला. पानं दाखवायची काही गरज नव्हती. त्यांनी ती मुद्दाम उघडी करून मधोमध ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. आता 5,660 त किती मिळवायचे, ते मला ठरवायचं आहे.