उडणाऱ्यांची शाळा

एकदां विद्या पदरांत पडली म्हणजे मनुष्यास पुनः बाकावर बसावें लागत नाहीं, अशी एक गोड समजूत आहे. वीस वर्षें हातांत खडू धरल्यावर आम्हीही तिच्या आहारीं गेलों होतों. २०२५ च्या नाताळच्या सुट्टींत, ऐन विश्रांतीच्या दिवसांत, नव्या अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणास हजर राहण्याचें पत्र आलें, तेव्हां आम्हांस मनापासून राग आला. प्रकृतीचें कांहीं निमित्त सांगून तें टाळावें, असा बेत करीतच आम्ही नगराहून पारनेरास आपल्या घरीं आलों.

शेजाऱ्यांचा मुलगाही त्याच वेळीं घरीं आला होता. हा आपल्याच शाळेचा जुना विद्यार्थी. आज तो एका विमानकंपनींत सहवैमानिक आहे. सोबत त्याच्याच व्यवसायांतला एक मित्र होता. शेतांतल्या ज्वारीस हुरडा आला होता. संध्याकाळीं आगटीभोंवतीं बसावयास त्यांनीं आम्हांसही बोलाविलें. कणसें भाजलीं जात होतीं आणि दोघे आपल्या कामाच्या गोष्टी बोलत होते.

विषय होता विमानें बदलण्याचा. २०२२ च्या जानेवारींत टाटा समूहानें एअर इंडिया परत घेतली. २०२३ मध्यें तिनें ४७० नव्या विमानांची मागणी नोंदविली, आणि त्याच वर्षीं इंडिगोनें ५०० विमानांची. २०२४ च्या नोव्हेंबरांत विस्तारा ही कंपनी एअर इंडियांत विलीन झाली. अशा घडामोडींत पुष्कळ वैमानिकांस एका जातीचें विमान सोडून दुसऱ्या जातीच्या विमानाकडे जावें लागतें. आमच्या या विद्यार्थ्यावरही तीच पाळी आली होती. आम्ही सहज म्हणालों, "त्यांत एवढें काय? ज्यास एक गाडी हांकतां येते, त्यास दुसरीही येईल."

तो हंसला. "सर, तसें असतें तर बरें झालें असतें. आजवर मी बोइंग ७३७ वर होतों. तिच्यांत चालविण्याचा दांडा दोन गुडघ्यांच्या मध्यें असतो, आणि दोघां वैमानिकांचे दांडे एकमेकांस जोडलेले. एकानें हलविला कीं दुसऱ्याचा हलतो. एअरबस ए३२० मध्यें समोर दांडाच नाहीं. बाजूस एक लहानशी मूठ असते, आणि माझी मूठ हलली तरी शेजाऱ्याची हलत नाहीं. बोइंगमध्यें इंजिनाची शक्ति आपोआप कमीजास्त होऊं लागली म्हणजे तिचे दांडे हाताखालीं सरकतात. एअरबसमध्यें ते जागचे हलत नाहींत; तेथें आंकडे पाहूनच समजून घ्यावें लागतें. नवें शिकणें सोपें आहे, सर. हाताची जुनी संवय मोडणें कठीण."

मग त्यानें पुढची वाट सांगितली. आधीं वर्ग व परीक्षा. नंतर सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरच उभें केलेलें नकली विमान, त्यांत इंजिन बंद पडण्यापासून सर्व संकटांचा सराव. आणि शेवटीं अनुभवी कप्तानाच्या देखरेखीखालीं प्रवासी घेऊन उड्डाण. इतकें झाल्यावरही दर सहा महिन्यांनीं पुनः परीक्षा आहेच. हे शब्द ऐकतांच आम्हांस खिशांतील प्रशिक्षणाच्या पत्राची आठवण झाली, आणि आम्ही मुकाट्यानें हुरडा चोळूं लागलों.

इतक्यांत त्याच्या मातोश्री चटणी घेऊन आल्या. "मास्तर, तुम्हीच सांगा याला. फेब्रुवारीत बहिणीचं लग्न, अन् हा म्हणतो शाळेतून रजा नाही. एवढा मोठा झाला, तरी याची शाळा काही सुटंना!"

मुलगा खालीं पाहून म्हणाला, "आई, मधेंच चार दिवस गेले तर बसलेला हात मोडतो. सिम्युलेटरची पाळी पुनः केव्हां येईल याचा नेम नाहीं, आणि माझ्या जोडीचा शिकणाराही अडकून पडतो."

मित्रास हें पुरतें पटलें नाहीं. "पण थकलेलें डोकें काय शिकणार? विश्रांति ही कांहीं कोणाची मेहेरबानी नव्हे, ती कामाचाच भाग आहे." त्याचें म्हणणें पोकळ नव्हतें. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांति ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारा नियम २०२५ च्या जुलैपासून लागू झाला होता. नोव्हेंबरापासून आठवड्यांतील रात्रींच्या अवतरणांची मर्यादा सहावरून दोनवर आली. त्यास पुरेशी तयारी नसल्यामुळें डिसेंबरांत हजारों उड्डाणें रद्द झालीं, आणि कांहीं अटी सरकारास तात्पुरत्या सैल कराव्या लागल्या. रजा ही साप्ताहिक विश्रांतीच्या हिशेबांत धरूं नये, ही त्यांतलीच एक अट. रजा निराळी आणि विसावा निराळा, हा भेद आम्हांस त्या आगटीपाशीं प्रथम कळला.

मित्रानें मातोश्रींची समजूत घालावी म्हणून म्हटलें, "आई, आतां विमानांतसुद्धां इंटरनेट आलें आहे. विमानाच्या पाठीवरची अँटेना उपग्रहाशीं बोलते. हा तर जमिनीवरच असणार. फोनवर सगळें लग्न पाहील."

"अन् अक्षता काय त्या काचेवर टाकू?" मातोश्री म्हणाल्या. यावर कोणापाशींच उत्तर नव्हतें.

१९३२ च्या १५ ऑक्टोबरास जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूला उतरले, तेव्हां त्यांच्या एका इंजिनाच्या पस मॉथ विमानांत रेडिओसुद्धां नव्हता. आज त्याच आकाशांतून प्रवासी घरच्यांशीं बोलत जातात. तरी वैमानिकाच्या खोलींत दहा हजार फुटांखालीं कामाखेरीज एक शब्दही बोलावयाचा नाहीं, असा दंडक आहे. कित्येक जिवांचा भार ज्याच्या हातीं आहे, त्यास कांहीं गोष्टींपासून दूर राहावेंच लागतें. मातोश्रींस हें समजत नव्हतें असें नाहीं. समजूनही त्यांस दुःख होत होतें.

आम्हांवर कोणाच्या प्राणांचा भार नाहीं. पण चाळीस मुलांच्या वर्षांचा आहे. दुसऱ्या दिवशीं आम्हीं निमित्ताचा विचार सोडला आणि प्रशिक्षणास गेलों. शिकविणारे गृहस्थ आमच्याहून पंधरा वर्षांनीं लहान होते. पहिल्याच तासास आमचें गणित चुकलें. तें आम्हीं लपविलें नाहीं. हात वर करून पुनः विचारलें. हें करावयास आम्हांस जितकें जड गेलें, तितकेंच तें आमच्या वर्गांतल्या मुलांसही रोज जात असेल, हें इतक्या वर्षांत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

फेब्रुवारींत लग्न झालें. भाऊ आला नाहीं. मंडपांत एका मामेभावानें फोन उंच धरला होता. पुढें तो परीक्षा उत्तीर्ण झाल्याची बातमी आली, आणि मातोश्रींनीं आम्हांस पेढा दिला. देवघरांत एका डबींत त्यांनीं मूठभर अक्षता जपून ठेविल्या आहेत. मुलगा घरीं येईल तेव्हां बहीण-मेहुण्यांस बोलावून त्या त्याच्या हातून टाकावयाच्या आहेत.