फरक खोडायचा नाही

व्हिसाच्या कामासाठी माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक एकच मागणी घेऊन येतात : "मॅडम, सगळ्या कागदांवर एकसारखं करून द्या." शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, आधारवर दुसरी, मतदार यादीत वय तिसरंच. आईचं नाव मुलाच्या जन्मदाखल्यावर एक आणि रेशनकार्डावर वेगळं. एवढा फरक राहिला तर मुंबईच्या कॉन्सुलेटमधून हात हलवत परत यावं लागेल, असं एजंटाने किंवा पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याने त्यांच्या मनात पक्कं भरवलेलं असतं. माझं काम या समजुतीला नाही म्हणण्यापासून सुरू होतं. कागद वेगवेगळे का झाले, हे त्या माणसाच्या आयुष्यातून शोधायचं आणि जसं घडलं तसं लिहून द्यायचं. बुलढाण्यात बसून परदेशी व्हिसाचे कागद पाहणाऱ्या वकिलाची कारागिरी मला विचाराल तर एवढीच आहे, आणि ती अंगी यायला वर्षं जातात.

अमेरिकेचा किंवा कॅनडाचा कायदा सांगण्याचा अधिकार मला नाही. तिथल्या इमिग्रेशन खात्यापुढे तिथला परवानाधारक वकील किंवा मान्यताप्राप्त सल्लागारच पक्षकाराच्या वतीने उभा राहू शकतो. हे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगते, कारण 'वरपर्यंत ओळख आहे' म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. मात्र तिकडे अडलेल्या फाइलीचं मूळ पुष्कळदा इकडे असतं, एखाद्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, लाल फडक्यात बांधलेलं.

चिखली तालुक्यातल्या एका बाईंचं काम मला फार शिकवून गेलं. मुलगा अमेरिकेचा नागरिक झालेला. एकवीस वर्षांवरील नागरिकाला आईवडिलांना कायमचं बोलावता येतं आणि या वर्गाला कोट्याची रांग नसते, म्हणून घरात आनंदीआनंद होता. मग तिकडून पत्र आलं : मुलाच्या जन्मदाखल्यातलं आईचं नाव अर्जातल्या नावाशी जुळत नाही, पुरावा द्या. जुळणार कसं? त्यांच्या लग्नात आडनावाबरोबर स्वतःचं नावही बदललं होतं. ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून सासरी त्याच नावाने हाक. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. जन्माची खबर द्यायला मामा गेला. त्याने बहिणीचं जे नाव लहानपणापासून घेतलं होतं तेच सांगितलं. यात खोटं कोणीच बोललं नव्हतं.

घरच्यांचा बेत गॅझेट करण्याचा होता. राजपत्रात नाव छापून आणलं की काम झालं, असा सर्वत्र समज आहे. पण आज काढलेलं राजपत्र नाव आज बदललं असं सांगणार, आणि बाईंचं नाव तर पन्नासेक वर्षांपूर्वी मांडवात बदललं होतं. मग त्याआधीच निघालेल्या पासपोर्टवर हे नाव आलं कुठून, असं मुलाखत घेणारा अधिकारी विचारणारच. एक फरक मिटवताना दुसरा, आणि तोही न समजावता येणारा, जन्माला घातला जातो. आम्ही राजपत्र केलं नाही. मामा हयात होते. त्यांचं प्रतिज्ञापत्र केलं, बाईंचं वेगळं केलं, जुनी लग्नपत्रिका लावली, आणि नाव कधी, कुठे, कोणत्या रीतीने बदललं, जन्माची खबर कोणी दिली, हे सरळ वाक्यांत लिहिलं. 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' एवढ्या एका ओळीवर थांबणारी छापील प्रतिज्ञापत्रं कोर्टाच्या आवारात हवी तेवढी मिळतात. ती मी वापरत नाही. त्या ओळीत कारण नसतं, आणि अधिकाऱ्याला कारणच हवं असतं.

पुढचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या जन्माचा. "मायी माय सांगे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली मी. साल मले काय ठाऊक बाई?" पासपोर्टवर तारीख होती एक जून. त्या पिढीतल्या कितीतरी माणसांचा जन्म एक जूनचा किंवा एक जुलैचा आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने तीच तारीख घातली. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा १ एप्रिल १९७०पासून लागू झाला. त्याआधीच्या नोंदी भारतात सगळीकडे नीट झालेल्या नाहीत, हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यालाही माहीत आहे. जन्मदाखला नसेल तर अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र आणि दुय्यम पुरावे ते पाहतात. आणि आपल्या वऱ्हाडात या दुय्यम पुराव्यांत सोन्यासारखी एक वस्तू आहे : कोतवाल बुक.

गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर ठेवी, त्याची ही वही. जातपडताळणीमुळे हे नाव घराघरांत माहीत आहे. पण व्हिसाच्या कामात ती वेगळ्या नजरेने वाचावी लागते. अनेक नोंदींत बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव, जात, तारीख, आणि 'मुलगी'. तेवढ्यावर ती मुलगी कोणती, हे कसं ठरणार? मी त्याच बापाच्या सगळ्या नोंदी काढल्या, जन्मांच्या आणि मृत्यूंच्याही. थोरला भाऊ, मग एक मुलगी जी दोन महिन्यांत गेली, मग आमच्या बाई, मग धाकटी बहीण. नोंदी क्रमाने लावल्यावर पोळ्याच्या सुमाराची एकच मुलगी उरली. तारखा पासपोर्टशी जुळत नव्हत्या, आणि ते आम्ही लपवलं नाही. दोन्ही तारखा कुठून आल्या ते लिहिलं, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल लावली. शिवाय आणखी एक ओळ : जन्मावेळी बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता, १ नोव्हेंबर १९५६ला तो मुंबई राज्यात आला आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात. जुन्या कागदाच्या डोक्यावर दुसरं राज्य पाहून परका अधिकारी गोंधळू शकतो. त्याने विचारण्याआधी सांगितलेलं बरं. बाईंना व्हिसा मिळाला.

त्या मुलाने फोनवर मला एक विनंती केली होती, तीही सांगते, कारण ती बरेच जण करतात. "तिकडचा नागरिक झालो हे तलाठ्याला कळू देऊ नका, नाहीतर शेती जाईल." शेती जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याला, ओसीआय कार्ड असलं तरी, इथे शेतजमीन विकत घेता येत नाही हे खरं. पण भारतात राहत असताना घेतलेली जमीन तो ठेवू शकतो आणि आईवडिलांकडून वारसाने आलेलीही. बेकायदा काही असेल तर ते नागरिकत्व लपवून जुना भारतीय पासपोर्ट वापरत राहणं.

लपवण्याची किंमत किती मोठी असते, हे लोकांना कळत नाही म्हणून मला रात्री झोप लागत नाही. पुरावा अपुरा म्हणून अर्ज नाकारला, तर नवा पुरावा जोडून पुन्हा करता येतो. पण खोटा कागद सापडला की कॅनडा पाच वर्षं दार लावतो, ब्रिटन दहा वर्षांपर्यंत, आणि अमेरिकेत तो शिक्का जन्मभर मागे राहू शकतो. चारशे रुपयांत तारीख 'दुरुस्त' करून आणलेला दाखला घेऊन एखादा मुलगा समोर बसतो तेव्हा मी तो दाखला फाइलीत लावायला साफ नकार देते. तो रागावून दुसरीकडे जातो. जाऊ दे. परत येतो त्याचं काम अजून वाचवता येतं.

अशा वेळी मला सखाराम गणेश पंडितांची आठवण येते. अहमदाबादेत जन्मलेले हे गृहस्थ १९१४मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले आणि पुढे कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होण्यास पात्र नाही असं ठरवलं. सरकारने मग आधी दिलेली नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली. पंडितांनी वंशाचा वाद उगाळण्यापेक्षा आपलं आयुष्य कोर्टापुढे मांडलं : तुमच्या कागदावर विश्वास ठेवून मी सनद घेतली, घर केलं, मायदेशातला वारसाहक्क सोडला, आता हा कागद काढून घेतलात तर मी कुठल्याच देशाचा राहणार नाही. १९२६मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. आमच्या कामातली मोठी गोष्ट मला इथे दिसते. माणूस त्या कागदाच्या भरवशावर कसा जगला, हाही पुरावाच असतो.

याच जिल्ह्यात उलट दिशेचीही माणसं आहेत, भारतात राहू द्या म्हणणारी. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं खामगाव, मलकापूरच्या बाजारपेठांत केव्हाची रुजली आहेत. त्यांच्याच नात्यातली काही माणसं खूप नंतर, सिंधमधून व्हिसावर आली आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिली. त्यांचं नोंदणी कार्यालय म्हणजे आपले जिल्हा पोलीस अधीक्षक. अशा एका बाईंच्या पासपोर्टवरचं वय आणि पहिल्या व्हिसा अर्जातलं वय यांत फरक होता. अर्ज तिकडे कोणा एजंटाने भरलेला. ती चूक उघड केली तर हाकलून देतील, या भीतीने त्या वर्षानुवर्षं नागरिकत्वाचा अर्जच करत नव्हत्या.

डिसेंबर २०१६च्या अधिसूचनेने अशा अर्जांचे अधिकार महाराष्ट्रात नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे इथल्या जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले. बुलढाणा त्यात नव्हता, त्यामुळे आपली प्रकरणं लांबच्या वाटेने गेली. सुधारित नागरिकत्व कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ला आले तेव्हा, ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या त्यांच्यासारख्यांना दुसरी वाट मिळाली. त्या नियमांत मुदत संपलेला कागदही पुरावा म्हणून चालतो. बाईंच्या ट्रंकेत तिकडच्या शाळेचा उर्दू दाखला होता, त्यांनी तो निरुपयोगी समजून तळाशी ठेवलेला. वयातल्या फरकाचं कारण आम्ही पहिल्याच पानावर लिहिलं.

मग एप्रिल २०२५मध्ये पहलगामचा दहशतवादी हल्ला झाला. पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि त्या रात्री बाईंचा फोन आला. त्या बोलल्याच नाहीत, त्यांची सून बोलली : "ताई, बॅग भरू का?" हिंदू पाकिस्तानी नागरिकांना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम आहेत, हे परराष्ट्र खात्याच्या निवेदनातलं वाक्य मी फोनवर पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. कायदेशीर मदत म्हणजे कधी कधी एवढंच : खरं वाक्य, योग्य रात्री. आणि हेही इथे लिहून ठेवते की स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नुसती 'फाइल पुढे सरकवायला' त्या बाईंनी मोजलेले पैसे त्यांच्या सुनेच्या बांगड्यांचे होते.

नव्या कनिष्ठ वकिलांना मी पहिल्या बैठकीत अर्ज उघडू देत नाही. आधी ऐका. बाळंतपण कुठे झालं, खबर कोणी दिली, शाळेत कोणी घातलं, नाव कोणी ठेवलं. अर्जातले रकाने या उत्तरांतून आपोआप भरतात. रकान्यांतून सुरुवात केली तर माणूस रकान्याला बरं दिसेल ते सांगू लागतो.

सध्या मला काळजी आहे ती कोतवाल बुकांची. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली, स्कॅनिंग झालं, हे फार चांगलं झालं. पण तो शोध एका कारणासाठी होता. त्याच वह्यांमधल्या बाकीच्या पानांवर कोणाची तरी निनावी मुलगी आहे, दोन महिन्यांत गेलेलं बाळ आहे, आणि त्यांच्यावाचून तिसऱ्याची नोंद सिद्ध होत नाही. कडा हाताला लावताच गळतात. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या वह्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जातीचा रकाना न पाहता स्कॅन व्हाव्यात, असा अर्ज मी तयार केला आहे. वकील संघातल्या सहकाऱ्यांच्या सह्या घेणं चालू आहे.