तांब्यावरचे ठोके

आज टेबलावर दोनच स्पॅनिश नाणी. आठ माराव्हेदीचं कार्लोस तिसऱ्याचं नाणं ओळखायला सोपं. राजाच्या मुखवट्याशेजारी आठचा आकडा आणि कमानींचा इवलासा जलसेतू, म्हणजे सेगोव्हियाची टांकसाळ. मागे क्रॉसच्या कोनांत कास्तिलचे किल्ले, लिऑनचे सिंह. झालं.

खरी गंमत दुसऱ्यात. सतराव्या शतकातलं, वेडंवाकडं, मूळ छाप जवळपास पुसलेला, कारण त्यावर एकावर एक नवे ठसे मारलेत. तिजोरीत खडखडाट झाला की दरबार तांब्याची नाणी परत मागवायचा, वरचा आकडा ठोकायचा आणि तीच पुन्हा बाजारात सोडायचा. १६०३ साली किंमत अशी दुप्पट केली. १६२८ साली फिलिप चौथ्याने फर्मान काढून ती निम्म्यावर आणली. ज्याची पुंजी तांब्यात होती, त्याचं काय झालं असेल!

भिंगाखाली रोमन आठ दिसतो. घणाचा ठसा धारदार असतो आणि त्याच्या नेमक्या मागे धातू चेपलेला. ओतीव नकलेत कडा बोथट, अंगावर बुडबुड्यांची बारीक भोकं, कधी काठाला सांध्याची रेघ. पण पंचाईत अशी, की खोटे ठसे त्या काळातच मारले गेले, तेही घणानेच. तिथे ही परीक्षा कामाची नाही. मला विचाराल तर असलं जुनं खोटं नाणंही संग्रहात हवंच.

एक विनंती: देवघरातल्या तांब्यासारखं नाणं चिंचेने घासू नका. वरचा तपकिरी थर गेला की जाणकार त्याला हातही लावत नाही.